उतारवयाचे गाव : वरोऱ्यापासून ब्रह्मपुरीपर्यंत

निवृत्त आईवडिलांनी कुठे राहायचे, या प्रश्नाला मराठी मध्यमवर्गीय घरात बहुधा तीनच उत्तरे असतात. मुलाकडे, गावाकडच्या जुन्या घरी, नाहीतर वृद्धाश्रमात. चौथ्या उत्तराचा विचार फारसा कोणी करत नाही. ज्या गोष्टीत त्यांचा जीव रमतो ती जिथे रोज हाताशी असेल, असे गाव शोधायचे. कोणाला पाखरांचे वेड असते, कोणाला नाटकाचे, कोणाला भजनाचे. कोणी आयुष्यभर लोकांची कामे केलेली असतात आणि साठीनंतर रिकामे हात त्याला खायला उठतात. अशा गावाच्या शोधात चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जंगली जिल्हे पालथे घालण्यासारखे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. पण पश्चिमेकडचे वर्धेचे काळ्या मातीचे खोरे, मधली वैनगंगेची धानाची झाडीपट्टी आणि दक्षिणेकडचा माडिया-गोंडांचा साग-बांबूचा मुलूख, हे तीन प्रदेश तेव्हाही वेगळे होते आणि आजही वेगळेच आहेत. म्हाताऱ्या माणसाला यातला कोणता मानवेल, हे नकाशावरून कळत नाही; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते.

नागपूरहून दक्षिणेला निघाले की दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन आणि तूर. वरोरा येते, आणि वरोऱ्याला लागूनच आनंदवन. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि ओसाड, दगडाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांबरोबर ही वसाहत उभी केली. आज तिथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा, महाविद्यालय, हातमाग, सुतारकाम, शेती आणि ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद, असा मोठा संसार आहे. याच संसारात ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘उत्तरायण’ आणि म्हाताऱ्या कुष्ठमुक्तांसाठी ‘स्नेहसावली’ आहे. शहरातल्या वृद्धाश्रमाहून इथला फरक पहिल्याच सकाळी दिसतो. शहरी वृद्धाश्रमात दिवसाचे तुकडे चहा, नाश्ता, औषधे, जेवण असे पडतात. आनंदवनात ते कामाने पडतात. बोटे झडलेला माणूस मागावर बसलेला असतो, चाकाच्या खुर्चीतली बाई शिलाई करत असते आणि भेटकार्डे बनवणारी मुले हातवाऱ्यांनी एकमेकांशी भांडत असतात. अशा ठिकाणी सत्तरीच्या निवृत्त शिक्षकाला कोणी ‘आजोबा, तुम्ही बसा’ म्हणत नाही. एखाद्या मुलाचे गणित कच्चे असेल तर ते वहीसह त्याच्याकडे येते. ज्यांना आयुष्यभर उपयोगी पडायची सवय आहे त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. ज्यांना शांतपणे पुस्तक वाचत पडायचे आहे त्यांना मात्र इथली लगबग आणि पाहुण्यांची वर्दळ फार वाटेल, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही.

उतारवयातल्या निवडीचे सर्वांत लखलखीत उदाहरणही याच आवारातले आहे. १९९० मध्ये, पंच्याहत्तरी गाठल्यावर, बाबा आमटे आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. पाठीच्या मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. एकतर उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. हाताशी स्वतः उभारलेला दवाखाना, भोवती जिवाला जीव देणारी माणसे, आणि तरीही त्यांनी धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नदीकाठची झोपडी निवडली. साधनाताई बरोबर गेल्या. सुमारे दशकभराने ते परतले आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच गेले. सगळ्यांनी असे करावे असे कोणी म्हणणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाची पहिली गरज सुरक्षितता असते हे आपण जे धरून चालतो, ते दरवेळी खरे नसते, एवढे या उदाहरणावरून नक्की ठरते.

वरोऱ्यानंतर भद्रावती. तिथले जैन मंदिर, विजासनची बौद्ध लेणी आणि नागमंदिर हे तिन्ही एका गावात, थोड्याथोड्या अंतरावर. त्यापुढे कोळशाच्या खाणी, मातीचे ढिगारे, आणि क्षितिजावर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या. चंद्रपूर शहर हे असे आडवाटेने नव्हे, धुरातूनच भेटते. आत शिरल्यावर मात्र ते गोंडराजांचे चांदा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा ही चार दारे, मधल्या छोट्या खिडक्या, इरई आणि झरपटच्या काठाने फिरलेला दगडी परकोट. दारावर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंडी राजचिन्ह कोरलेले. झुडपांनी गिळलेला हा परकोट ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून श्रमदानाने मोकळा केला, आणि आता सकाळी त्यावरून फेरफटका मारता येतो. इतिहासाची आवड असलेल्या, हाताशी वही ठेवणाऱ्या निवृत्त माणसाला हे शहर वर्षानुवर्षे पुरेल. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, पायी आणि गाड्या भरून भाविक येतात. झरपटच्या काठी चुली पेटतात आणि पोतराजांचे आसूड कडाडतात. दुष्काळी भागातली देवीभक्ती जंगलाच्या वेशीवर येऊन अशी मुक्काम ठोकते, हे पाहण्यासारखे असते.

चंद्रपूरच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तज्ज्ञ डॉक्टर आहेत आणि नागपूर रस्त्याने तीनएक तासांवर आहे. विरुद्ध बाजूला दोन गोष्टी आहेत आणि त्या हलक्या नाहीत. हवा वाईट आहे. देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूरचे नाव आलेले आहे, आणि दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या आईवडिलांना इथे आणणे योग्य नाही. दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत चंद्रपूर वरचेवर असते. इथल्या लोकांनी उन्हाशी जमवून घेतले आहे. बाराच्या आत बाजार उरकतो, दुपारी रस्ते ओस पडतात, दारांना वाळ्याच्या ताट्या लागतात, कूलर घरघरत राहतो, जेवणात आंबील आणि कच्चा कांदा येतो, आणि खरे जगणे संध्याकाळी सहानंतर सुरू होते. पुण्यातला माणूस दुपारी चारला चहा पिऊन बाहेर पडतो. इथे त्या वेळी बाहेर दिसणाऱ्याला लोक दारातून हाक मारून आत बोलावतात आणि आधी पाणी देतात. वयाने शरीराची तहान ओळखण्याची आणि घाम गाळून थंड होण्याची ताकद कमी होते. चांद्याचा उन्हाळा जन्मापासून सोसलेला म्हातारा वेगळा आणि सत्तरीत पहिल्यांदा सोसणारा वेगळा. ज्यांची कोकणात किंवा पुण्यात हयात गेली त्यांनी एप्रिल-मे इथे काढायचा आग्रह धरू नये.

शहरातून मोहर्लीचा रस्ता धरला की इरई धरणाचे पाणी लागते आणि मग ताडोबा. १९५५ चे राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ चे अंधारी अभयारण्य मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभा आणि बफर धरून तो सुमारे १७२७ चौरस किलोमीटरचा आहे. तारू या गोंड देवावरून तलावाला आणि जंगलाला नाव पडले. वाघाशी झुंजताना मेलेल्या त्या पुरुषाचे ठाणे तलावाच्या काठी आहे. निसर्गवेड्या बापासाठी मुलांना सगळ्यात आधी सुचते ते हेच ठिकाण, आणि इथेच सर्वांत जास्त सावधपणे विचार करावा लागतो. पर्यटक जे जंगल पाहतो ते उघड्या जिप्सीतून. त्या धक्क्यांनी वयस्क कंबर दोन फेऱ्यांत जायबंदी होते. पावसाळ्यात गाभा बंद असतो. आणि जंगलाच्या कडेच्या गावात पहाटे फिरायला जाणे, म्हणजे निवृत्त माणसाची सर्वांत लाडकी सवय, धोक्याची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात आणि विशेषतः ब्रह्मपुरी वनविभागात वाघ प्रकल्पाच्या हद्दीबाहेरही भरपूर आहेत. मोह किंवा तेंदूपाने गोळा करायला, सरपणाला, गुरांमागे गेलेली माणसे दरवर्षी मारली जातात. गावकरी उजेड पडल्याशिवाय एकटे बाहेर पडत नाहीत. बोलत, खाकरत, दोघे-चौघे मिळून जातात. ही भीती नव्हे, शिस्त आहे, आणि राहायला येणाऱ्याला ती अंगी बाणवावीच लागते.

मात्र वाघ बाजूला ठेवला तर पाखरांच्या माणसासाठी हा मुलूख खरोखर संपन्न आहे, आणि त्यासाठी जिप्सी लागत नाही. इरईचे पाणी, नागभीडजवळचा घोडाझरी, सावलीकडचा आसोलामेंढा, आणि धानपट्टीतले शेकडो मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. हिवाळ्यात बदके उतरतात. तलावाच्या पाळीवर खुर्ची टाकून दुर्बीण लावली की सकाळ निघून जाते. मारुती चितमपल्लींचे नाव इथे आपोआप येते. वनखात्यातली नोकरी, नवेगाव-नागझिऱ्यातली वर्षे, आणि निवृत्तीनंतरची दशके कोशांच्या कामात. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने नोकरी संपल्यावरही विदर्भ सोडला नाही. अखेरच्या काळात मात्र ते आपल्या माणसांत सोलापूरला परतले आणि १८ जून २०२५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. आवडीचे गाव आणि आपल्या माणसांचे गाव ही दोन वेगवेगळ्या वयांची उत्तरे असू शकतात. साठ ते ऐंशी एक, ऐंशीनंतर दुसरे. मुलांनी पहिले नाकारताना दुसऱ्याची भीती पुढे करू नये, आणि दुसऱ्याची वेळ आल्यावर पहिल्याचा हट्ट धरू नये.

चंद्रपूरहून पूर्वेला मूलकडे जाताना जमीन डोळ्यांदेखत बदलते. काळी माती संपते, बांधांनी आखलेली धानाची बांधी सुरू होते, ज्वारीची भाकरी ताटातून जाते आणि भात येतो. मूल हे राइस मिलचे गाव. मळणीनंतर हवेत कोंड्याचा वास असतो. जवळच सोमनाथला आनंदवनाचाच शेतीप्रकल्प आहे आणि तरुणांची श्रमसंस्कार छावणी दर उन्हाळ्यात भरते. इथले जेवण वयस्क पोटाला मानवणारे आहे. मऊ भात, पातळ वरण, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, तलावातले मासे आणि झिंगे. पाऊस पडला की तरोट्याची कोवळी पाने, सात्या नावाची अळंबी आणि वास्ते बाजारात येतात. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. बारीक चिरून, पाणी बदलत उकडून, डाळीत घालतात. वऱ्हाडी झणका आणि नागपुरी सावजी यांचा धाक घेऊन आलेल्या माणसाला झाडीपट्टीचे ताट सौम्य वाटते. मीठ आणि तेल थोडे सांभाळले की मधुमेह-रक्तदाबवाल्यालाही त्यातले बरेच चालते. फक्त तिन्ही त्रिकाळ भात आणि साखरेचा आजार यांचे जमत नाही, हे डॉक्टरला विचारूनच ठरवायचे.

वैनगंगा ओलांडून चामोर्शीच्या वाटेने मार्कंडा येते. नदी इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि त्या वळणावर दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. भिंतींवर देव, अप्सरा, हत्तींच्या रांगा. विदर्भाचे खजुराहो म्हणतात ते यामुळे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि एरवी शांतता असते. ज्यांना देवदर्शन आणि नदीकाठ एवढेच हवे आहे त्यांनी थेट मार्कंड्यात बिऱ्हाड करण्याऐवजी चामोर्शीत किंवा गडचिरोलीत करावे आणि येत-जात राहावे. जत्रेच्या गावात राहणे आणि जत्रेला जाणे यांत आईवडिलांच्या गुडघ्यांना फरक कळतो. भजनाची गोडी असलेल्यांना पश्चिमेकडचे चिमूर जवळचे वाटेल. तिथे बालाजीची घोडायात्रा आहे, जवळ गोंदेड्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे, आणि १९४२ च्या ऑगस्टमधल्या उठावाची आठवण गावाने जपली आहे. खंजिरीवरचे भजन इथे कार्यक्रम म्हणून होत नाही. सामुदायिक प्रार्थना संध्याकाळची नित्याची गोष्ट आहे आणि तीत नव्या माणसाला कोणी ओळख विचारत नाही, सरकून जागा देतात.

गडचिरोली गाव जिल्ह्याचे ठिकाण असूनही पायी ओलांडता येते. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल असला तरी गावात सरकारी कचेऱ्या, जिल्हा रुग्णालय आणि २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. धानोऱ्याच्या रस्त्याला चातगावजवळ शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची त्यांची पद्धत पुढे देशाच्या आरोग्यसेवेने उचलली. इथला दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला आहे आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव आहे, कारण मोठ्या इमारतीत शिरायला लोक बुजत. निवृत्त डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस, शिक्षक अशा माणसांना उरलेली शक्ती कुठे लावायची हा प्रश्न असेल, तर या भागात उत्तरांची वाण नाही. अट एकच, आपण शिकवायला आलो आहोत हा आव दारात सोडून यावे लागते.

त्याच रस्त्याला मेंढा (लेखा). २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गोंड गाव. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात; एकाचाही विरोध असेल तर बोलणे चालू राहते. ग्रामसभेत म्हातारी माणसे कडेला बसवलेली नसतात. कुठल्या वर्षी कुठला बांबू फुलला, कुठल्या नाल्याला किती पाणी होते, हे त्यांना पाठ असते आणि ते विचारले जाते.

या टापूतल्या म्हातारपणाचे रूप कळायचे तर मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या अंगणात थोडा वेळ थांबावे. मोहाची फुले पहाटे गळतात. धडधाकट माणसे अंधार फिटता-फिटता झाडाखाली जातात. फुले टोपलीतून घरी येतात ती पिवळसर, रसाने टपोरी. अंगण शेणाने सारवलेले असते, त्यावर ती पसरतात. आता काम म्हातारीचे. ती सावलीच्या कडेला पाय लांब करून बसते, हाताशी काठी. कोंबडी आली की काठी हलते. मधूनच वाकून ती फुले उलटी-पालटी करते, काडी-कचरा वेगळा काढते. दोन-तीन दिवसांत फुले आकसून तांबूस होतात, मनुक्यासारखी चिकट लागतात. मे महिन्यात तेंदूपाने येतात, तेव्हा तीच म्हातारी घरात बसून पुडकी बांधते. सत्तर पानांचे एक पुडके, देठ एका बाजूला, मोह किंवा पळसाच्या सालीचा बंध. संध्याकाळी तरुण ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. घराच्या मिळकतीत तिचा वाटा उघड दिसतो आणि तो सर्वांना ठाऊक असतो. शहरात आपण आईच्या हातातून एकेक काम काढून घेतो, भाजी निवडणेसुद्धा, आणि त्याला विश्रांती म्हणतो. नवे गाव निवडताना पहिली चौकशी दवाखान्याची करावी, हे बरोबरच. दुसरी मात्र तिथे आईच्या हातांना काय करता येईल याची असावी.

आलापल्लीच्या दिशेने साग दाट होत जातो. इथले साग उंच आणि सरळसोट. आलापल्लीजवळचा जुना राखलेला तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना लाकूड याच दोन जिल्ह्यांतले गेले, २०२३ मध्ये. एकेकाळी हे ओंडके हत्ती ओढत. त्यांचा सरकारी कॅम्प कमलापूरला अजून आहे. यंत्रे आल्यावर त्यांचे काम संपले. हिवाळ्यात काही दिवस त्यांना फिरतीतून सुट्टी मिळते आणि औषधी पाल्याच्या गरम लेपाने त्यांचे पाय शेकले जातात. माहूत त्याला चोपिंग म्हणतात. लहान नातवंडांपेक्षा आजी-आजोबाच तिथे जास्त वेळ उभे असतात.

पुढे हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा इथे रस्ता नव्हता, वीज नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडियांसाठी दवाखाना चालवला, १९७६ मध्ये शाळा काढली आणि शिकारीत पोरक्या झालेल्या पिल्लांसाठी अनाथालय केले. त्यांची मुले आणि सुना आता तेच काम करतात. एका कुटुंबाने म्हातारपण, काम आणि मुले ही तिन्ही एकाच आवारात सांभाळली, असे हे दुर्मीळ उदाहरण. तरीही २०२२ मध्ये प्रकाश आमटे यांना रक्ताच्या कर्करोगाने गाठले तेव्हा उपचारांसाठी पुण्यालाच यावे लागले. ज्या माणसाने जंगलात दवाखाना उभा केला त्यालाही गंभीर आजारात शहर लागते, हे आपल्या आईवडिलांचा बेत आखताना लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हेमलकशापासून भामरागड अगदी जवळ. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती इथे एकत्र येतात, पलीकडे छत्तीसगड. संगमावर उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते. माडिया माणूस कमी बोलतो, ‘जोहार’ म्हणून हात जोडतो आणि मग बराच वेळ तुमच्या शेजारी नुसता बसतो. घरी बोलावलेल्या पाहुण्याशी सतत बोलत राहायची सवय असलेल्या आपल्याला आधी अवघडल्यासारखे होते, नंतर बरे वाटते. राहण्यासाठी मात्र हे गाव म्हाताऱ्या माणसांचे नाही. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की भामरागड आणि पलीकडची अनेक गावे तुटतात. मलेरिया, त्यातही मेंदूवर जाणारा, या भागातून हटलेला नाही. पाहुणे म्हणून हिवाळ्यात यावे, काही आठवडे राहावे, परतावे.

परतीची वाट आरमोरीवरून वडशाला, म्हणजे देसाईगंजला नेते, आणि नाटकाचे वेड असलेल्या आईवडिलांचा प्रवास खरे म्हणजे इथूनच सुरू व्हायला हवा. वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या एका रांगेत, दारावर रंगीत फलक, आत टेबलाशी व्यवस्थापक आणि कुठल्यातरी गावाहून तारीख ठरवायला आलेले चौघे-पाच जण. दिवाळीनंतर धान घरात आले की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास मावळतो. गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री नाटक. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यावर पटाची मैदाने पुन्हा भरली.

नाटक शेतात होते. तंबूच्या कनाती, मातीचा उंचवटा, त्यावर पडदे; रंगमंचापुढे ऑर्गन, तबला आणि गाणारा. जेवणे उरकून लोक दहा-अकराला येतात. पुरुष कानाला मफलर बांधून, बायका घोंगडी आणि पोते काखेत घेऊन. म्हाताऱ्यांना पुढची जागा. मांडीवर झोपलेले नातवंड, बाजूला पाण्याची बाटली. पडदा वर जातो, विनोदी पात्र आले की सगळे मैदान हलते, करुण प्रसंगाला बायका पदर डोळ्याला लावतात, आणि गाणे आवडले की ‘वन्स मोअर’ येतो. नाटक संपते तेव्हा पूर्व उजळलेली असते. त्या दिवसांत घरोघर पाहुणे असतात. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, भाताची पातेली चुलीवरून उतरत नाहीत. शहरात नाट्यगृहात शनिवारच्या प्रयोगाला आईबाबांना नेऊन सोडावे लागते. इथे नाटक घरापर्यंत येते आणि बरोबर पाहुणचार आणते. या रंगभूमीवर उभे आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ते शेतीही करणारे, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. संगीत नाटकावर वाढलेल्या पिढीतल्या माणसाला, ऐन सत्तरीत, हिवाळ्याचे चार महिने वडशात मिळणारा आनंद कुठल्याही महानगरात मिळणार नाही, असे माझे ठाम मत आहे. रात्रीची थंडी आणि जागरण झेपेल एवढी प्रकृती मात्र हवी.

वडशाहून वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी. शाळा-महाविद्यालये आणि खासगी दवाखाने यांनी वाढलेले हे गाव, रेल्वे स्टेशन असलेले, दोन्ही जिल्ह्यांच्या मध्ये पडणारे. बिऱ्हाड करायचे तर या सगळ्या फेऱ्यात ब्रह्मपुरीचे पारडे जड ठरते. नाटके एका बाजूला, घोडाझरीची पाखरे दुसऱ्या बाजूला, डॉक्टर पायी जाण्याच्या अंतरावर. उन्हाळा इथेही चंद्रपूरइतकाच कडक असतो, म्हणून होळीनंतर मुलांकडे आणि पाऊस पडल्यावर परत, असा वर्षाचा आराखडा लावून घ्यावा लागतो. प्रवासाला एसटी आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर ती मोफत आहे, पासष्टपासून अर्धे तिकीट, आणि बायकांना कुठल्याही वयात अर्धे.

घर विकत घेण्याची घाई मात्र करू नये. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि आदिवासींची जमीन बिगरआदिवासीच्या नावे होण्यावर १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ ची बंधने आहेत. ती आदिवासींच्या रक्षणासाठी आहेत आणि ती असलीच पाहिजेत. जंगलाकाठी दोन एकर आणि झोपडी, हे शहरी स्वप्न बहुतेक वेळा याच कायद्यांपाशी थांबते आणि दलाल मागल्या दाराने काही सुचवू लागतात. त्यापेक्षा गावातले तळमजल्याचे भाड्याचे घर घ्यावे, ज्याच्या समोर ओटा आहे आणि संडास घरात आहे. एक हिवाळा आणि एक पावसाळा राहून बघावे. धानाच्या मुलखात पावसाळा ओला, डासांचा आणि मुक्कामाला कंटाळवाणा असतो. त्यात जो माणूस रमतो तो बाकी वर्षभर रमतो.

शेवटी आवड कोणाची, हे नीट विचारून घ्यावे लागते. ‘बाबांना जंगल आवडते’ या एका वाक्यावर दोघांचे बिऱ्हाड हलते आणि आईला काय आवडते हे कोणी विचारलेले नसते. बाबा दुर्बीण घेऊन तलावावर जातात तेव्हा ती अनोळखी गावात चार भिंतींत उरते. झाडीपट्टीत बायकांचे भजनी मंडळ असते, महिला बचत गटाची बैठक असते, हळदीकुंकू असते, आणि शेजारीण भाजीची वाटी घेऊन न विचारता आत येते. ज्या आईला हे आवडेल तिचा महिनाभरात गोतावळा होतो. जिला दार लावून वाचायला आवडते तिला हीच वाटी ओझे वाटते. दोघांपैकी एकजण मागे राहिल्यावर त्याच गावात राहायची इच्छा कोणाची आहे, हेही आधीच बोलून ठेवावे. ब्रह्मपुरी-वडशाच्या बाजूला एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या बाईच्या घरी रात्री शेजारची एखादी मुलगी झोपायला येते, आणि त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही.